पावलांत वसलेला ताल

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाची वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उपजीविकेसाठी उत्तरेकडे आली. मानाने जगता यावे, हीही त्यांची आस होती. त्यांतील अनेक कुटुंबे या वस्तीत स्थिरावली. त्यांच्याबरोबर त्यांचे संगीत आले, त्यांचे नृत्य आले. याच हार्लेममध्ये ८ डिसेंबर १९२५ रोजी सॅमी डेव्हिस ज्युनियर यांचा जन्म झाला. वडिलांचे नावही सॅमी डेव्हिसच होते. म्हणून मुलाच्या नावापुढे 'ज्युनियर', म्हणजे धाकटा, हा शब्द जोडला गेला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

वडील नर्तक होते. आई एल्व्हेरा हीसुद्धा नर्तकी होती. दोघेही विल मॅस्टिन नावाच्या कलावंताच्या फिरत्या संचात काम करीत. आज या गावी तर उद्या त्या गावी, असा त्यांचा क्रम असल्यामुळे तान्ह्या सॅमीला आजीने, रोझा डेव्हिस यांनी, सांभाळले. सॅमी तीन वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले. मुलगा आपल्यापासून दुरावू नये म्हणून वडिलांनी त्याला सरळ आपल्याबरोबर दौऱ्यावर नेले. रंगमंचाची विंग हेच त्याचे अंगण झाले आणि आगगाडीचा डबा हेच त्याचे घर.

त्या काळी अमेरिकेत 'व्हॉडव्हिल' नावाचा करमणुकीचा प्रकार लोकप्रिय होता. एकाच तिकिटात गाणे, नाच, नकला, जादूचे खेळ, कसरती असे सारे पाहावयास मिळे. आपल्याकडील तमाशातही अशी विविधता असते. मात्र तेथे वगाची गोष्ट असते, व्हॉडव्हिलमध्ये एका प्रवेशाचा दुसऱ्याशी काही संबंध नसे. या कार्यक्रमांचे एक मोठे आकर्षण म्हणजे टॅप नृत्य. सॅमीचे आयुष्य ज्या कलेने घडविले, ती कला काय आहे हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे.

टॅप नर्तकाच्या बुटांच्या तळाशी, पुढे चवड्याखाली आणि मागे टाचेखाली, धातूची एकेक पट्टी बसविलेली असते. लाकडी फळीवर पाऊल आपटले की त्या पट्टीचा खणखणीत नाद उमटतो. चवडा, टाच आणि बोटांचे टोक यांच्या निरनिराळ्या आघातांनी नर्तक लय उभी करतो, ती दुप्पट-चौपट करतो, मध्येच विराम घेतो आणि पुन्हा समेवर येतो. आपण कथकमधील तत्कार ऐकला असेल, तर ही कल्पना सहज ध्यानात येईल. तेथे घुंगरू बोलतात, येथे बूट बोलतात. म्हणजे टॅप नर्तक नाचतोही आणि वाजवतोही. त्याचे शरीर हेच त्याचे वाद्य असते.

या कलेचे मूळ दुःखात आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांजवळ ढोलाची समृद्ध परंपरा होती. १७३९ साली दक्षिण कॅरोलिना या वसाहतीत गुलामांचा मोठा उठाव झाला. ढोलाच्या साहाय्याने हे लोक एकमेकांना संदेश देतात, अशी भीती मालकांना वाटली आणि पुढच्याच वर्षी कायद्याने ढोल वाजविण्यास बंदी घालण्यात आली. हातातील वाद्य हिरावले गेले, पण ताल उरला. तो टाळ्यांत, मांड्यांवरील थापांत आणि पावलांत उतरला. पुढे आयर्लंडमधून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या पदन्यासाशी त्याचा मेळ झाला आणि एकोणिसाव्या शतकात टॅप नृत्य आकारास येत गेले.

लहानगा सॅमी हे नृत्य विंगेत उभा राहून शिकला. वडील आणि विल मॅस्टिन रंगमंचावर जे करीत, ते तो आत तसेच्या तसे करून पाहत असे. त्याची नक्कल इतकी हुबेहूब असे की थोड्याच दिवसांत त्याला रंगमंचावर आणण्यात आले. लहान मुलांना कामास लावण्यावर काही ठिकाणी कायद्याची बंदी होती. तपासनीस येण्याची शक्यता असली, की या मुलाच्या तोंडात चिरूट देऊन त्याला बुटका प्रौढ माणूस म्हणून उभे केले जाई. हा प्रकार ऐकताना हसू येते, आणि लगेच वाईटही वाटते. कारण या साऱ्यात त्याचे बालपण कोठे राहिले, हा प्रश्न उरतोच.

सॅमी शाळेत कधीच गेला नाही; एक दिवसही नाही. १९३३ साली, वयाच्या सातव्या वर्षी, त्याने एका लघुचित्रपटात मुख्य भूमिका केली. राष्ट्राध्यक्ष झाल्याचे स्वप्न पाहणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाची ती गोष्ट होती. पडद्यावर हा मुलगा गातो, नाचतो आणि पाहणाऱ्याला थक्क करतो. परंतु पुस्तकाचे पान वाचणे त्याला अवघड जात होते. हे न्यून त्याच्या मनाला पुढे फार दिवस टोचत राहिले.

वडील, विल मॅस्टिन आणि सॅमी यांचा मिळून 'विल मॅस्टिन त्रिकूट' हा संच तयार झाला. बोलपटांमुळे व्हॉडव्हिलचे दिवस सरत चालले होते. त्यातच १९२९ नंतरच्या महामंदीने लोकांच्या हाती पैसा राहिला नव्हता. अनेकदा उपाशीपोटी झोपावे लागे. उपाहारगृहात किंवा वसतिगृहात कोणी हिडीसफिडीस केली, तर ते लोक आपल्या यशावर जळतात असे वडील आणि मॅस्टिन मुलाला सांगत. कातडीच्या रंगामुळे हा अपमान होतो, हे त्यांनी त्याला कळू दिले नाही. त्या दोघांची ही लबाडी प्रेमापोटी होती. पण तिच्यामुळे मुलगा जगाला सामोरा जाण्यास तयार झाला नाही, असेही म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या अठराव्या वर्षी, सॅमीला सैन्यात बोलावणे आले आणि हे संरक्षक कवच एकदम गळून पडले. वायोमिंग राज्यातील छावणीत काही गोऱ्या शिपायांनी त्याचा अनन्वित छळ केला. शिवीगाळ तर रोजचीच होती. मारामाऱ्यांत त्याचे नाक पुन्हा पुन्हा मोडले. सैन्यात जाताना वडिलांनी आणि मॅस्टिन यांनी ऐपतीबाहेर खर्च करून त्याला घड्याळ दिले होते. तेही पायाखाली तुडविण्यात आले. जग खरोखर कसे आहे हे त्याला तेथे प्रथम कळले.

त्याच छावणीत दोन गोष्टी मात्र त्याच्या हिताच्या घडल्या. एका सार्जंटने त्याच्या हाती पुस्तके दिली. शब्दकोश जवळ ठेवून, अडत अडत, तो वाचू लागला. मोठ्या वयात अक्षरांशी झुंज घेणे किती कष्टाचे असते, हे ज्यांनी ती घेतली आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. पुढे हा माणूस आयुष्यभर वाचत राहिला आणि १९६५ साली दोन लेखकमित्रांच्या साहाय्याने त्याने लिहिलेले 'येस आय कॅन' हे आत्मचरित्र अमेरिकेत गाजले. दुसरी गोष्ट म्हणजे छावणीतील कार्यक्रमांत त्याला नाचण्या-गाण्याची संधी मिळाली. आदल्या दिवशी हात उगारणारे शिपाईही कार्यक्रमाच्या वेळी डोळे लावून बसतात, हे त्याने रंगमंचावरून पाहिले. आपली कला हेच आपले शस्त्र आहे, ही जाणीव त्याच्या ठायी पक्की झाली ती येथे.

युद्धानंतर सॅमी डेव्हिस पुन्हा त्रिकुटात आले, ते नव्या तयारीने. केवळ उत्तम नाचणे त्यांना पुरेसे वाटेना. त्यांनी गाण्यावर मेहनत घेतली. नामवंत नटांच्या आणि गायकांच्या नकला बसविल्या. कृष्णवर्णीय कलावंताने रंगमंचावर गोऱ्या नटाची नक्कल करणे त्या काळी धाडसाचे होते. ते धाडस त्यांनी केले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. याच काळात त्यांचा वाद्यांचा सराव बहरास आला. ड्रम, व्हायब्राफोन, ट्रम्पेट, पियानो आणि बास ही वाद्ये ते एकाच कार्यक्रमात आलटूनपालटून वाजवीत. व्हायब्राफोनचे आपल्याकडील काष्ठतरंगाशी दूरचे नाते सांगता येईल. मात्र त्याच्या पट्ट्या धातूच्या असतात, खाली नळ्या असतात आणि त्यामुळे स्वर घुमत, थरथरत राहतो.

एवढी वाद्ये एका माणसाला कशी साधली? कोणत्याही संगीतविद्यालयात ते शिकले नव्हते. याचे उत्तर बहुधा त्यांच्या पावलांत आहे. ज्याच्या अंगात लय लहानपणापासून मुरली आहे, त्याला ड्रम परका वाटत नाही. टॅप नर्तक पायांनी जे करतो, तेच ड्रमवादक काठ्यांनी करतो. ड्रमवादनात श्रेष्ठ मानले गेलेले बडी रिच हेही बालपणी रंगमंचावर टॅप नृत्य करीत, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. सॅमी डेव्हिस आणि बडी रिच यांची मैत्री होती. दोघांनी मिळून १९६६ साली एक ध्वनिमुद्रिकाही काढली. ड्रमवर तालाची उठावण करावी, मग उठून तोच ताल बुटांनी वाजवावा आणि त्याच ओघात ट्रम्पेट उचलावा, हे सॅमी डेव्हिस यांच्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होते. प्रत्येक वाद्यावर ते अव्वल होते असे नाही. त्या त्या वाद्याचे थोर वादक त्या काळात दुसरे होते. परंतु हे सर्व एका लयीत ओवणारा त्यांच्यासारखा कलावंत विरळाच.

१९४७ साली विख्यात गायक फ्रँक सिनात्रा यांनी शब्द टाकल्यामुळे न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये त्रिकुटाला काम मिळाले. १९५१ साली हॉलिवूडमधील 'सिरोज' या क्लबमध्ये त्यांना मुख्य कार्यक्रमापूर्वीची काही मिनिटे देण्यात आली होती. प्रेक्षकांनी त्यांना रंगमंच सोडू दिला नाही. त्या रात्रीनंतर सॅमी डेव्हिस हे नाव अमेरिकाभर झाले. तरीही पुढे कित्येक वर्षे ते मिळकतीचे तीन सारखे वाटे करीत राहिले. लोक आता केवळ त्यांना पाहण्यासाठी येत होते, हे तिघांनाही ठाऊक होते.

कीर्ती मिळाली, पण वागणूक बदलली नाही. नेव्हाडा राज्यातील लास व्हेगास हे करमणुकीचे शहर. तेथील मोठ्या हॉटेलांत त्यांचे कार्यक्रम होत आणि तिकिटे संपत. कार्यक्रम संपला की मात्र त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. तेथे जेवता येत नसे. गावाच्या पश्चिमेस कृष्णवर्णीयांची वेगळी वस्ती होती, तेथील साध्या खोलीत रात्र काढावी लागे. नाव मोठे झाल्यावर त्यांनी अटी घालण्यास आरंभ केला. जेथे भेदभाव होतो तेथे काम करणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९६० च्या मार्च महिन्यात लास व्हेगासच्या प्रमुख हॉटेलांनी हा भेदभाव बंद करण्याचे मान्य केले. त्यामागे स्थानिक कृष्णवर्णीय नागरिकांचा लढा होता, आणि अशा कलावंतांचा आग्रहही होता.

१९ नोव्हेंबर १९५४ ची पहाट. लास व्हेगासमधील कार्यक्रम आटोपून सॅमी डेव्हिस एका चित्रपटगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी मोटारीने लॉस एंजलिसकडे निघाले होते. वाटेत सॅन बर्नार्डिनोजवळ भीषण अपघात झाला. त्या काळच्या त्यांच्या मोटारीच्या चक्राच्या मध्यभागी भोंग्याचे शंकूच्या आकाराचे टोक असे. तोंड त्यावर आदळले आणि डावा डोळा गेला. त्या वेळी ते एकोणतीस वर्षांचेही नव्हते.

डोळा जाणे हे कोणालाही दुःखदच. नर्तकाच्या बाबतीत त्याला आणखी एक पैलू आहे. दोन्ही डोळ्यांनी पाहताना वस्तू किती दूर आहे याचा अंदाज आपल्याला नकळत येतो. एक डोळा गेला की हा अंदाज चुकतो. पायरी कोठे संपते, रंगमंचाची कड किती जवळ आहे, ड्रमची काठी किती खाली न्यावी, सारे नव्याने शिकावे लागते. गिरकी घेताना तोल जातो. जे शरीर हेच वाद्य, ते वाद्यच जणू बेसूर झाले होते. आपण पुन्हा नाचू शकू की नाही, ही शंका त्यांना असणे स्वाभाविक होते.

त्यांनी दोनच महिन्यांत त्याचे उत्तर दिले. जानेवारी १९५५ मध्ये, डोळ्यावर काळी पट्टी बांधून, ते त्याच सिरोज क्लबच्या रंगमंचावर उभे राहिले. सारे हॉलिवूड पाहण्यास लोटले होते. ते नाचले, गायले, वाद्ये वाजविली. त्याच वर्षी त्यांची पहिली गीतसंग्रहाची ध्वनिमुद्रिका खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. पुढे त्यांनी कृत्रिम डोळा बसवून घेतला. अपघातानंतरच्या चिंतनातून ते ज्यू धर्माकडे ओढले गेले आणि काही वर्षांनी त्यांनी तो धर्म स्वीकारला. दोन्ही समाजांच्या छळाच्या इतिहासात त्यांना साम्य दिसले होते.

यानंतरचा काळ वैभवाचा. १९५६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील 'मिस्टर वंडरफुल' या संगीत नाटकात ते नायक होते. वडील आणि मॅस्टिनही त्यात होते. १९६४ च्या 'गोल्डन बॉय' या संगीत नाटकाचे ५६८ प्रयोग झाले. चित्रपट झाले, दूरचित्रवाणीवर त्यांच्या नावाचा कार्यक्रम झाला, १९७२ साली 'द कँडी मॅन' हे त्यांचे गीत लोकप्रियतेत पहिले ठरले. गंमत अशी की ते गीत त्यांना स्वतःला मुळीच आवडले नव्हते.

१९६० साली त्यांनी माय ब्रिट या स्वीडिश अभिनेत्रीशी विवाह केला. त्या वेळी अमेरिकेतील अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचा विवाह हा कायद्याने गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले ते १९६७ साली. धमक्यांची पत्रे येऊ लागली. जॉन केनेडी यांच्या निवडणुकीसाठी त्यांनी झटून काम केले होते, पण जानेवारी १९६१ मधील शपथविधीच्या सोहळ्याला त्यांनी येऊ नये, असे त्यांना ऐन वेळी कळविण्यात आले. हा घाव त्यांना जिव्हारी लागला. तरी नागरी हक्कांच्या चळवळीपासून ते दूर गेले नाहीत. १९६३ च्या वॉशिंग्टनमधील मोर्चात ते होते. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्माहून निघालेली पदयात्रा माँटगोमेरीच्या वेशीवर थांबली, तेव्हा थकलेल्या यात्रेकरूंसमोर त्यांनी कला सादर केली. १९६८ साली कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना स्पिंगार्न पदक दिले.

त्यांचे सारेच निर्णय समाजाला पटले असे नाही. १९७२ साली एका सभेत त्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भर व्यासपीठावर मिठी मारली, तेव्हा त्यांचे स्वतःचे लोकच संतापले. उधळपट्टीही अतोनात होती. मिळविलेला पैसा टिकला नाही आणि मृत्यूनंतर कराचे मोठे देणे उरले. मद्य आणि मादक द्रव्ये यांनी काही वर्षे त्यांना ग्रासले होते. चरित्र सांगताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

या सगळ्या धामधुमीत टॅप नृत्याचे काय झाले? १९५० च्या दशकानंतर लोकांची अभिरुची बदलली. रॉक संगीत आले, गिटारी आल्या. जुने टॅप नर्तक बेकार झाले; कोणी हॉटेलात, कोणी गोदामात कामाला लागले. सॅमी डेव्हिस गायक म्हणून तरले. परंतु कार्यक्रमात थोडा वेळ तरी बूट बोलल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. 'मिस्टर बोजँगल्स' हे एका उतारवयातील, दारिद्र्यात पडलेल्या नर्तकाचे गीत ते काठी आणि टोपी घेऊन सादर करीत. आपलाही शेवट असा होईल, अशी भीती त्यांना होती. म्हणून ते गीत त्यांच्या तोंडी इतके खरे वाटत असावे.

१९८९ साली 'टॅप' हा चित्रपट आला. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट होते आणि कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. नायक होता ग्रेगरी हाइन्स, टॅप नृत्याला पुन्हा उजेडात आणू पाहणारा पुढच्या पिढीचा नर्तक. एका प्रसंगात वृद्ध नर्तक एकेक करून पुढे येतात आणि जुगलबंदी रंगते. ते सर्व खरेखुरे जुने उस्ताद होते. हॅरॉल्ड निकोलस, बनी ब्रिग्ज, जिमी स्लाइड, सँडमन सिम्स. त्यांच्यात सॅमी डेव्हिसही उतरतात. त्याच चित्रपटात सॅव्हियन ग्लोव्हर नावाचा कुमारवयीन मुलगा आहे. पुढे तो या कलेतील अग्रगण्य नर्तक झाला. तीन पिढ्या एकाच फळीवर नाचताना त्यात दिसतात. त्याच वर्षी अमेरिकेने २५ मे हा दिवस राष्ट्रीय टॅप नृत्य दिन म्हणून मान्य केला. थोर टॅप नर्तक बिल रॉबिन्सन यांचा तो जन्मदिवस.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. स्वरयंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा एक उपाय होता; परंतु आवाज गमावण्यास त्यांनी नकार दिला आणि किरणोपचार घेतले. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजलिस येथे त्यांच्या कलाजीवनाच्या साठ वर्षांनिमित्त मोठा सत्कार झाला. घशामुळे त्यांना त्या रात्री गाता येत नव्हते. ते पहिल्या रांगेत शांतपणे बसून होते. ग्रेगरी हाइन्स नाचला आणि त्याने त्यांना आव्हान दिले. सॅमी डेव्हिस यांनी टॅपचे बूट चढविले, रंगमंचावर आले आणि आजाराने झिजलेल्या त्या शरीरातून पुन्हा तो खणखणीत ताल उमटला. काही क्षण दोघे समोरासमोर नाचले. मग हाइन्स गुडघे टेकून खाली वाकला आणि त्याने त्यांच्या बुटाचे चुंबन घेतले. आपल्याकडे शिष्य गुरूच्या पायांना हात लावतो. या दृश्याचा अर्थ आपल्याला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

१६ मे १९९० रोजी बेव्हर्ली हिल्स येथील राहत्या घरी सॅमी डेव्हिस ज्युनियर यांचे निधन झाले. दोन दिवसांनी लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरील हॉटेलांनी आपले झगमगते दिवे दहा मिनिटे मालवले. लॉस एंजलिसजवळ ग्लेनडेल येथील दफनभूमीत, वडील आणि विल मॅस्टिन यांच्या शेजारी, त्यांना ठेवण्यात आले.